वॉर्डात किंवा वृद्धाश्रमात नवीन लागलात? म्हाताऱ्या माणसांचा मान राखून काम कसं करायचं

रुग्णालयात नव्याने लागलेल्या मावशी, मामा, वॉर्डबॉय आणि ब्युरोकडून वृद्धाश्रमात जाणारे केअरटेकर यांच्यासाठी हे लिहिते आहे. आईजवळ पहिल्यांदाच रात्री थांबणाऱ्या मुलाला किंवा सुनेलाही यातलं बरंच उपयोगी पडेल. रक्तदाब कसा घ्यायचा, पेशंट न उठवता चादर कशी बदलायची हे कुणी ना कुणी शिकवतं. माणसाशी वागायचं कसं, हे मात्र ‘येईल हळूहळू’ म्हणून सोडून दिलं जातं. मग जुने जसे वागतात तसेच नवे वागायला लागतात. नव्या लोकांना तयार करणं हे माझं काम आहे आणि पहिल्या आठवड्यात त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने देते आहे.

एक तक्रार नेहमी येते: ‘ताई, अख्ख्या वॉर्डाला दोन मावश्या, त्यात मान कधी राखणार?’ माणसं कमी असतात, खरं आहे. पण पडदा आधी ओढला काय आणि कपडे काढल्यावर ओढला काय, वेळ तेवढाच लागतो. खाली लिहिलेल्या बहुतेक गोष्टी अशाच आहेत. काम तेच करायचं, फक्त कशाच्या आधी काय करायचं ते पाहायचं.

1. पहिल्यांदा स्वतःचं नाव सांगा, मग त्यांना काय म्हणायचं ते विचारा

‘नमस्कार, मी सुनीता, रात्री आठपर्यंत तुमच्याजवळ मी आहे. तुम्हाला काय म्हणू?’ एवढं पुरतं. कुणी म्हणेल आजी म्हण, कुणी काकू. शाळेत आयुष्य काढलेल्या मुख्याध्यापिकेला ‘बाई’ म्हटलं की बरं वाटतं. बासष्ट वर्षांच्या, कालपर्यंत लोकलने ऑफिसला जाणाऱ्या बाईला ‘आजी’ म्हटलं तर ती दिवसभर घुश्शात राहते, आणि तिचं काही चुकत नाही.

घरी आपण आपल्या आजीला ‘ए आजी’ म्हणतो, पण ती आपली असते. इथे अहो-जाहोच. त्या तुम्हाला ‘ए पोरी’ म्हणोत, तुम्ही ‘तुम्ही’च म्हणा, पुढे त्यांनीच सांगितलं की अगं-तुगं कर, तर गोष्ट वेगळी. ‘सात नंबर’, ‘खुब्याचं फ्रॅक्चर’, ‘ते डायपरवाले’ ही नावं आपसातसुद्धा नकोत, कारण मधला पडदा कापडाचा असतो.

बोबडं बोलणं बंद. ‘आमचं बाळ आज शहाण्यासारखं जेवलं ना?’ हे ऐकताना नातेवाइकांना गोड वाटतं. ज्याने चार मुलं वाढवली, बँकेचं कर्ज फेडलं, त्याला कसं वाटत असेल?

2. चष्मा, कानाचं मशीन, कवळी

ड्युटीवर आल्यावर या तीन गोष्टी कुठे आहेत ते पाहा. ‘पेशंट काही समजून घेत नाही’ अशी तक्रार असलेल्या निम्म्या जणांचं कानाचं मशीन लोकरीच्या टोपीत नाहीतर घरच्या कपाटात सापडतं, असं माझं निरीक्षण आहे. मशीन असेल तर ते चालू आहे का, सेल संपलाय का बघा. नसेल तर समोर येऊन, चेहरा दिसेल असं उभं राहून, सावकाश आणि जरा खालच्या पट्टीत बोला. ओरडलं की आवाज चिरका होतो आणि वयाने कमी झालेल्या कानाला चिरका आवाजच आधी ऐकू येईनासा होतो. शिवाय ‘शौचाला झाली का?’ हा प्रश्न ओरडून विचारलात तर अख्ख्या वॉर्डाला ऐकू जातो.

कवळीचं तर काय सांगावं. जेवताना टोचली म्हणून आजोबा ती काढून कागदी रुमालात गुंडाळतात, ताटाच्या कडेला ठेवतात, आणि ताट उचलणारी मावशी सगळं एकदम डब्यात टाकते. नवी कवळी बनायला कित्येक दिवस जातात. तोवर माणूस पातळ पेजेवर, आणि भेटायला आलेल्यांसमोर तोंडावर हात धरून. म्हणून झाकणाची डबी घ्या, चिकटपट्टीवर नाव लिहून लावा, रात्री कवळी साध्या पाण्यात ठेवा. गरम पाणी नको, आकार बिघडतो. ताट उचलण्याआधी त्यावरचा प्रत्येक कागद उलगडून बघायची सवय लावून घ्या.

3. आधी सांगा, मग हात लावा

सगळ्या लेखातलं एकच काही लक्षात राहणार असेल तर हे राहू द्या. कूस बदलायची आहे, सुई बघायची आहे, उशी सरकवायची आहे, काहीही असो: आधी बोलायचं, एक श्वासभर थांबायचं, मग हात. पेशंट बेशुद्ध असला तरी. झोपलेल्या माणसाला न सांगता एकदम पालथं केलं तर तो घाबरून हात झटकतो, आणि मग कागदावर ‘आक्रमक’ असा शेरा पडतो.

अंग पुसण्याचं उदाहरण घेते, कारण मान सगळ्यात जास्त तिथेच जातो. आधी सगळं सामान जवळ घ्या: दोन बादल्यांत कोमट पाणी, साबण, दोन पंचे, स्वच्छ कपडे, एक जादा चादर. मध्येच पंचा आणायला गेलात तर तो माणूस तसाच उघडा पडून राहतो. पंखा बंद करा, पडदा पूर्ण ओढा, चिमट्याने जोडा. अंगावर चादर घाला आणि कपडे चादरीखालून काढा. ओला रुमाल पिळून त्यांच्याच हातात द्या, तोंड त्यांना पुसू द्या. हात थरथरत असला तरी पुसतात बहुतेक जण. मग एक हात बाहेर काढा, पुसा, कोरडा करा, आत ठेवा. मग दुसरा. छाती, पोट, पाय, पाठ, याच रीतीने. जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा. गुप्तांग शेवटी, पाणी बदलून, आणि आधी विचारून: ‘इथलं तुम्ही करता का, की मी करू?’ स्तनांखाली, जांघेत, बोटांच्या बेचक्यांत टिपून कोरडं करा. तिथे पावडरचा थर नको, घामाने त्याचे गोळे होतात आणि कातडी सोलवटते.

बाईचं अंग बाईनेच पुसावं, पुरुषाचं पुरुषाने. नेहमी जमत नाही. नसेल जमत तर विचारा, आणि ‘नको’ म्हणाल्या तर दुसऱ्या पाळीची मावशी येईपर्यंत थांबा. एक दिवस अंघोळ चुकल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

दवाखान्याचा गाऊन मागून उघडा असतो. जन्मभर नऊवारी नेसलेल्या बाईला तो घालून एक्स-रेला चालवत नेता, तेव्हा मागून दुसरा गाऊन उलटा घाला किंवा चादर गुंडाळा. बांगड्या, मंगळसूत्र, जानवं हे ‘काढा ते’ म्हणून काढायचं नसतं. शस्त्रक्रिया किंवा एमआरआय असेल तर कारण सांगा, शक्यतो घरच्यांच्या हातून उतरवा, सोनं मोजून त्यांच्या सहीने ताब्यात द्या. गळा मोकळा नको वाटत असेल तर साधा सुती दोरा चालेल का, हे सिस्टरना विचारा. बहुतेक वेळा चालतो.

4. लघवी आणि शौच

‘डायपर घातलाय ना, मग त्यातच करा.’ हे वाक्य तुम्ही पहिल्याच दिवशी ऐकाल. कुणी वाईट हेतूने म्हणत नाही, पण ज्याला संडासाची जाणीव आहे, जो सांगतो आहे, त्याला त्यातच करायला लावण्यासारखा अपमान नाही. आणि तोट्याचंही आहे: जाणीव असलेल्या माणसाला आठवडाभर असं ठेवलं की ती सवय मोडते आणि तो घरी कायमचा डायपरवर जातो.

डायपर ज्याला ताबा नाही त्याच्यासाठी. बाकीच्यांना दर दोन-तीन तासांनी तुम्हीच विचारा. सकाळचा चहा किंवा नाश्ता झाला की अर्ध्या तासात आतड्याची हालचाल वाढते, तेव्हा कमोड खुर्चीवर बसवलंत तर बरेचदा काम होतं. पलंगावरच बेडपॅन द्यायचं झालं तर डोक्याकडची बाजू उंच करा. आडवं पडून कुणालाही नीट होत नाही, तुम्ही करून बघा. पॅन थंडगार असतं, कोमट पाण्याने धुऊन द्या. पडदा, बेलचं बटण हातात, आणि मग बाहेर जा. डोकं आत घालून ‘झालं का? झालं का?’ विचारत राहू नका. ज्याच्या पडण्याची भीती आहे त्याला एकटं सोडायचं नसतं, तेव्हा पाठ करून जवळ उभं राहा.

अंथरूण ओलं झालं तर तोंडातून ‘अरे देवा’ निघता कामा नये. नाकाला पदर लावायचा नाही. ‘कपडे बदलून घेऊ या’ एवढंच. लघवीची पिशवी फिरायला नेताना दिसेल अशी लटकवू नका. कापडी पिशवीत घाला, फक्त कमरेच्या खालीच राहील असं बघा.

रात्री उठायचं असेल तर आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून मिनिट-दोन मिनिटं बसवा. एकदम उभं राहिलं की रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि खुबा मोडतो. ‘तुम्हाला त्रास नको’ म्हणून आजोबा बेल न वाजवता उठले असतील, तर बेल वाजवल्यावर त्यांना कुणीतरी चिडून बोललेलं आहे, एवढं समजा.

5. जेवण

भरवताना उभं राहू नका, खुर्ची ओढून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. त्यांना ताठ बसवा. ताटात काय आहे ते सांगा आणि काय आधी हवं ते विचारा. वरण-भात, भाजी, औषधाची गोळी सगळं एकत्र कालवून लगदा करायची पद्धत आहे, ती मोडा. गोळी कुटायची तर सिस्टरना विचारूनच, काही गोळ्या कुटायच्या नसतात. छोटा चमचा, अर्धा भरलेला. गिळलं की पुढचा. ठसका लागला, आवाज घशात पाणी असल्यासारखा झाला तर लगेच थांबा आणि सांगा. जेवणानंतर अर्धा तास तरी बसलेलेच राहू द्या. हात चालत असेल तर चमचा त्यांच्या हातात. सांडेल. पुसू.

‘आज चतुर्थी आहे, मी जेवणार नाही’ असं कुणी म्हटलं तर वाद घालू नका आणि गपचूप ताट परतही नेऊ नका. साखर, इन्सुलिन हे सगळं जेवणाशी बांधलेलं असतं, म्हणून सिस्टर आणि आहारतज्ज्ञांना सांगा. वरीचा भात, राजगिऱ्याची खीर, दूध असं काहीतरी निघतं. रोजा ठेवणाऱ्या चाचींच्या बाबतीतही हेच.

6. पाठ

जो स्वतः कूस बदलू शकत नाही त्याला दर दोन तासांनी वळवायचं. माकडहाड, टाचा, खुबे, कोपर, डोक्याची मागची बाजू, हे रोज उजेडात बघायचं. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. बोट काढल्यावर तिथे पांढरं न होता लालच राहिलं तर बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजा. तिथे चोळायचं नाही. ओढत वर सरकवायचं नाही, दोघांनी मिळून ड्रॉशीटने (अंगाखालच्या आडव्या चादरीने) उचलायचं. एअर बेड आहे म्हणून वळवणं बंद करायचं नाही.

हे होत नाही असं कुणी म्हटलं तर परळच्या केईएमची आठवण द्या. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर 1973 मध्ये हल्ला झाला, त्यानंतर मे 2015 मध्ये जाईपर्यंत त्या तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. परिचारिकांच्या कितीतरी पिढ्यांनी त्यांना सांभाळलं आणि पाठीला बेडसोर होऊ दिला नाही. 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या सेवेचं भरभरून कौतुक केलं आहे. तिथे काही वेगळं यंत्र नव्हतं, वळवणं होतं.

7. ‘आजोबा वेड्यासारखं करतायत’

काल नीट बोलणारा माणूस आज एकाएकी बरळायला लागला, नळ्या ओढायला लागला, संध्याकाळी जास्त आणि सकाळी कमी, तर ते वय नाही आणि ‘नाटक’ तर मुळीच नाही. लघवीतला जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणं, पाणी कमी पडणं, चार दिवस शौचाला न होणं, एखादं झोपेचं औषध, यातलं काहीही असू शकतं. सिस्टरना लगेच सांगा आणि ‘हे कालपासून आहे’ असं नेमकं सांगा. उलट प्रकारही असतो: माणूस एकदम गप्प, दिवसभर गुंगीत, हाक मारली तरी जेमतेम. त्याचा कुणाला त्रास होत नाही म्हणून तो सुटून जातो.

असा एक पेशंट मी पाहिलेला सांगते. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरची रात्र, आजोबा कॅथेटर (लघवीची नळी) ओढतायत, शिव्या देतायत, मामांनी हात बांधायला पट्टी आणलीच होती. रात्रपाळीच्या एका नव्या मुलीने चष्मा लावून दिला, दिवा लावला आणि विचारलं, ‘कुठे जायचंय, काका?’ म्हणाले, ‘लघवीला, दुसरं कुठे!’ तिने सांगितलं की नळी घातलेली आहे, आपोआप होते. पिशवी उचलून दाखवली. तिथेच लक्षात आलं की नळी पायाखाली दुमडली होती, पिशवीत थेंब नव्हता आणि पोट तट्ट फुगलेलं होतं. नळी सरळ झाली आणि दहा मिनिटांत आजोबा झोपले.

हात बांधायचा निर्णय मावशी-मामांनी घ्यायचा नसतो. मानसिक आरोग्याच्या संस्थांमध्येसुद्धा 2017 च्या कायद्याने बांधण्यावर कडक अटी घातल्या आहेत: तत्काळ इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तर, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपुरतंच, आणि शिक्षा म्हणून कधीच नाही. मग साध्या वॉर्डात आपण मनाने पट्टी कशी बांधणार? आधी दुखतंय का, तहान लागली आहे का, लघवी तुंबली आहे का, थंडी वाजते आहे का, हे बघा. घड्याळ आणि कॅलेंडर दिसेल असं लावा. दिवसा खिडकी उघडी, रात्री दिवे मंद. घरचं एक माणूस जवळ बसलं तर अर्धं काम होतं. स्मृतिभ्रंश असलेल्या आजी ‘मला माहेरी जायचंय’ म्हणाल्या तर ‘तुमचे आईवडील कधीच गेले’ असं सांगू नका. त्यांना ते दुःख प्रत्येक वेळी नवं असतं. माहेर कुठलं, ते विचारा.

8. डोक्यावरून बोलणं

पलंगाच्या एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला मुलगा, आणि मधल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. तुम्ही डॉक्टरांना शिकवू शकत नाही. पण राउंड संपल्यावर थांबून ‘काय म्हणाले ते कळलं का? काही विचारायचंय?’ असं म्हणू शकता, आणि त्यांचा प्रश्न सिस्टरपर्यंत पोचवू शकता. आजार लपवा असं नातेवाइकांनी सांगितलं असेल तर तुम्ही सांगूही नका, खोटंही बोलू नका: ‘डॉक्टरांना विचारू या आपण.’ आणि ‘मुलगा येत नाही का?’ हा प्रश्न कधीही नको.

9. वृद्धाश्रमात थोडं वेगळं आहे

तिथे माणूस राहायला आलेला असतो. ती खोली त्याचं घर, म्हणून दार वाजवायचं, उत्तर येईपर्यंत थांबायचं. त्यांच्या कपाटातली आवराआवर त्यांच्यासमोर. पाळी सातला बदलते म्हणून सगळ्यांना पहाटे पाचला थंडीत अंघोळ, हे तुमच्या सोयीचं वेळापत्रक आहे. बदलता येत असेल तर व्यवस्थापकांशी बोला.

आता वाढदिवसांबद्दल. शहराजवळच्या प्रत्येक वृद्धाश्रमात शनिवार-रविवारी कुणी ना कुणी वाढदिवस करायला येतं. केक, फळं, ब्लँकेट, बॅनर. आजी-आजोबांना रांगेत बसवायचं, एकेकाच्या हातात दोन केळी ठेवायची आणि ती हातात असतानाच फोटो. देणाऱ्यांचा भाव चांगला असतो आणि संस्थेला देणगी लागते, हे मान्य. तरी नव्या माणसाने एवढं जरूर करावं: आदल्या दिवशी प्रत्येकाला विचारा की बसायचं आहे का; नाही म्हणणाऱ्याला खोलीत राहू द्या. फोटो नको असेल त्यांची नावं लिहून पाहुण्यांना आधीच सांगा. वस्तू फोटोसाठी हातात देण्याऐवजी नंतर खोलीत पोचवा. पाहुण्यांना म्हणा, दहा मिनिटं एकेकाशी बोला, कॅरम खेळा, पत्रं वाचून दाखवा. चांगले लोक खुशीने ऐकतात. आणि तुम्ही स्वतः मोबाइलवर कुणाचे रील करू नका, ‘आमच्या गोड आजी’ म्हणूनसुद्धा नाही.

शेजारच्या खोलीतलं कुणी गेलं तर लपवाछपवी करू नका. सगळ्यांना कळतंच, पलंग रिकामा दिसतो. सांगा, अंत्यदर्शन घ्यायचं असेल त्यांना घेऊ द्या.

10. चुकीचं काही दिसलं तर

कुणी चिमटा काढतं, पैसे काढून घेतं, जेवण रोखून धरतं, अंगावर न समजणारे वळ दिसतात: आधी इनचार्ज सिस्टर किंवा व्यवस्थापक. सरकारी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक असतात, घरच्यांनी सोडून दिलेल्या माणसाची बाबही त्यांच्याकडे न्यायची. वरचे ऐकत नसतील तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याप्रमाणे 60 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचा माणूस ज्येष्ठ. त्याला सांभाळायची जबाबदारी असलेल्याने कायमचं टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सरकारी रुग्णालयात ज्येष्ठांसाठी वेगळी रांग असावी, हेही याच कायद्यात आहे. ओपीडीत तासभर उभ्या असलेल्या आजीला त्या रांगेपर्यंत नेऊन सोडा.

पाळी संपताना हँडओव्हर देता, तेव्हा ताप, लघवी, औषध हे सगळं सांगून झालं की दोन ओळी जादा सांगा. बाई म्हटलेलं आवडतं. मशीन डाव्या कानात, सेल आज बदलला. कवळी निळ्या झाकणाच्या डबीत. चहा बिनसाखरेचा, पण कपात. स्टीलच्या पेल्याने ओठ भाजतो. संडासला नाश्त्यानंतर लगेच न्यायचं. आणि ज्यांच्याबद्दल हे सांगताय त्यांच्या पलंगाजवळ उभं राहूनच सांगा, म्हणजे काही चुकलं तर त्या स्वतः दुरुस्त करतील.